माह्या मायचं पुस्तक

आम्ही मूळचे उमरेडचे, कोष्टी, घरात हातमाग, तं लहानपनचं सांगायचं म्हनलं का पहिले मागाचाच आवाज येते कानात, अन् मंग माय येते. बाप मी पाळन्यात असतानीच गेला, माग बंद पडला, लोकं म्हनत, इकून टाक, बाईमानूस काय माग चालवते, बायांनी सुताच्या कांड्या भराव्या, बस. तं मायनं पदर खोचला अन् सोताच उतरली मागाच्या खड्ड्यात, जिथी पाय सोडून इनाले बसते. लुगडे इनले तिनं, ताई, दुसऱ्याच्या पोरींच्या लग्नाचे. अन् मले शाळेत घातलं. तिसरीत होती मी तं तिले ताप भरला, चढतच गेला, अन् गेली. मामीनं वाढवलं मले, तिच्यात काही खोट नाही, पन शाळा सुटली ते सुटलीच.

लग्न होऊन इथं बेस्याले आली, नागपूरच्या कडेले, तवा इथं वावरंच वावरं होते, आता पाहा, बिल्डिंगाच बिल्डिंगा. शाळा तेवढी जुनी राहिली. मोठ्या लोकाइचे पोट्टे बसनं इंग्लिश शाळेत जाते, आमच्या शाळेत चौकीदाराचे, मिस्त्र्याचे, बांधकामावरच्या रेजाकामवालीचे. माहे मालक वारल्यापासून मी तिथीच खिचडी शिजवून राहिली.

मंग चौथीले माधुरी मॅडम आली. तिनं पुस्तकं आनले, चित्राचे, पातळ पातळ, पन एकेका पुस्तकात एकेका मानसाचा पुरा जनम. पोट्ट्याइचं जेवन झालं का मॅडम पुस्तक असं समोर धरून वाचे. एक पोरगी होती, तिले घरचे म्हनत शिकून काय करशीन, ते डाक्टर झाली. एक मानूस पाखराइच्या मागं मागं फिरला जनमभर. मी भांडे घासता घासता ऐको, नळ बारीक करून ऐको. अन् काय सांगू तुम्हाले, जे पोट्टं शाळेत याले रडे, तेच सकाळी फाटकातच मॅडमले धरे, त्या पाखरावाल्याचं पुढं काय झालं म्हने.

एक दिवस एक पोट्टी उठली, रागिनी, चौकीदाराची, एमपीतल्या बालाघाटकडची, बोलाचीच नाही फारशी. म्हने, मॅडम, पुस्तक में सिर्फ बडे लोग रहते क्या? मॅडम म्हने, नाही, आपन बनवू साध्या मानसाचं, सांगा कोनाचं बनवाचं? तं सारे वरडले, खिचडीवाल्या आजीचं! मी म्हनली, हट, माहं काय पुस्तक, माहा जनम म्हंजे खिचडीचा गंज अन् डाव. बनवाचं असन तं माह्या मायचं बनवा. तोंडातून निघून गेलं बाप्पा.

मंग रोज जेवनं झाल्यावर मी मधात बसो, पोट्टे भोवताली. तिले काय आवडे, आजी? अंबाडीची भाजी. राग आला तं काय करे? बोलाची नाही, माग जोरात चालवे. हासले पोट्टे. मंग एक जन म्हने, आजी, नाक कसं होतं वं तिचं?

मायचा फोटो नाही ताई, एक बी नाही, फोटो कोन काढे आमच्यात. हात आठवते तिचे, आवाज आठवते, तोंड नाही आठवत. किती आठवून पाहिलं, येतच नाही. मी म्हनली, बाबू, मी शाळेतून आली का ते मागावर राहे, दाराकडे पाठ करून, मले पाठच दिसते रे. मॅडम म्हने, काढा मंग आपापल्या मनानं.

काढले पोट्ट्यानं. एकीनं भली मोठी टिकली लावली, एकानं चष्माच लावून देला, त्याच्या आजीले आहे म्हनून. मी छान छान म्हनली, पन मनात म्हनो, हे नोहे माही माय, हे बी नोहे. रागिनीचा कागद शेवटी आला. तिनं तोंड काढलंच नव्हतं. माग होता, मागावर पाठमोरी बाई, वाकलेली, केसात सुताचं पांढरं पांढरं, अन् दारात दप्तरवाली एक लहानशी पोरगी. मी इचारलं, काहून वं, तोंड काहून नाही काढलं? तं म्हने, आजी, इस लडकी ने अभी आवाज नहीं दी ना. देगी तो पलटेगी.

मी तिथीच बसली, ताई. पदर तोंडाले लावला अन् रडली, जसं मायच्या मौतीले बी रडली नव्हती.

मॅडमनं मी सांगतलेलं लिहून, चित्रं शिवून पुस्तक केलं, वर मायचं नाव टाकलं, मथुराबाई. तिसरीपर्यंतची शाळा कामी आली, अक्षर जोडून जोडून मीच वाचलं. मॅडम म्हने घरी न्या, मी म्हनली घरी कोन आहे पाहनारं, राहू द्या इथीच. आता नवे पोट्टे वाचते, पानं मळले, बरं वाटते मले.

रागिनीचा बाप राखे त्या बिल्डिंगचं काम सरलं, तो बुटीबोरीले गेला कंपनीत, सुट्ट्यातच गेले, भेट बी नाही झाली. शिकते का नाही, मालूम नाही. पहिले एका मायसाठी जीव तुटे, आता दोघींसाठी तुटते. फाटकात कोनी नवीन पोट्टी आली का मी हात पुसून पाहते. ते नसते.

जिथी असन तिथी शाळेत असो बाई ते, पोटभर जेवलेली असो, कोनी तिले कागद देवो, रंग देवो. अजून काय मांगू मी. चला ताई, तांदूळ धुवाचे राहिले, पोट्टे येतीन आता.