धुतलेला डबा

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या बसस्टॉपवर चक्क मराठीत भांडण! अश्लेषाने लगेच कान टवकारले. शेजारी बसलेल्या काकांच्या मांडीवर मालगाडीच्या डब्याचं छोटंसं मॉडेल होतं आणि काकू ते पदराने पुसत होत्या.

“पुसू नकोस, विजया! गंज होता तो! जुना फोटो बघून एकेक ठिपका रंगवला होता.”

“मला वाटलं मळलाय. मॉलमधल्या प्रदर्शनात न्यायचा म्हणून साबणाने घासला.”

“कोळशाचा डबा कधी चकचकीत असतो का? परीक्षक हसतील मला.”

“रेल्वेच्या यार्डातून कामावरून आलात की तुमचे शर्टही असेच घासायचे. तेव्हा नाही ओरडलात!”

“शर्ट प्रदर्शनात मांडायचे नव्हते!”

“अहो, काळाच हवा ना? गुडगावच्या बसचा धूर कसला काळाकुट्ट असतो! मागच्या खिडकीतून बाहेर धरते.”

“काहीतरीच!”

तेवढ्यात बस आली.

“विजया, पळ! मागची खिडकी पकड!”