मीनलच्या चौथीने शोधलेलं पाणी

प्रकाशभावजी, मीनलची लेक ऋता, जमलेले सगळे पालक, शिक्षक आणि माझ्या मुलांनो,

मीनल आणि मी नाहूरच्या या शाळेत शेजारशेजारच्या वर्गांवर. मध्ये एकच भिंत. तिच्या वर्गातला गलका मला दिवसभर ऐकू यायचा. गेल्या आठवड्यात ती आपल्याला सोडून गेली. आता पलीकडे शांतता असते. ती सहन होत नाही.

तुम्हाला काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. तिच्या चौथीतली मुलं भागाकार घडाघडा करायची. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेपर कोरा. "बाई, यात भागायचं की गुणायचं?" एवढंच विचारायची. मीनल मला म्हणाली, "अगं, गणित येतंय त्यांना. प्रश्नच कळत नाहीये. मग खराच प्रश्न देऊया ना."

मधल्या सुट्टीनंतर शाळेच्या टाकीतलं पाणी संपायचं. हाच प्रश्न तिने मुलांना दिला. का संपतं, शोधा. उपायही तुम्हीच करा.

मुलांनी बादलीने टाकी मोजली, पाण्याचे वाटे पाडले, प्रत्येकाला एक बाटली ठरवली. दुसऱ्या दिवशी टाकी परत रिकामी. मुलं हिरमुसली. इमारतीमागचा एक नळ गळत होता, हे मीनलला ठाऊक होतं. मी म्हटलं, "सांगून टाक ना गं." ती म्हणाली, "मी सांगितलं तर नळ दुरुस्त होईल. मुलं आहेत तिथेच राहतील."

त्यातच वर्गातल्या गौरीची आई आली, रागावलेली. "पोरगी शाळेत बादल्या मोजते. पुस्तक कधी शिकवणार?" मीनलने तिला खुर्ची दिली. "ताई, तुमची काळजी कळते मला. उद्या वर्गात येऊन बसाल?"

ती आली. मागच्या बाकावर बसली. आणि त्या दिवशी, वर्षभर तोंड न उघडलेली गौरी उभी राहिली. "बाई, तास चालू असताना कोणीच पाणी पीत नाही. तरी टाकी उतरतेय. म्हणजे कुठून तरी जातंय."

सगळा वर्ग शोधायला धावला. नळ सापडला. मुलांनी त्याखाली बादली लावली, किती वेळात भरते ते पाहिलं, दिवसाचं वाया जाणारं पाणी काढलं, त्यात किती मुलांच्या बाटल्या भरतील तेही उत्तरावरून भांडत भांडत काढलं. आता भागायचं की गुणायचं, हे कोणी विचारलं नाही. नळ दुरुस्त झाला. वार्षिक परीक्षेत सगळी उदाहरणं बरोबर आली का? नाही. पण कोऱ्या जागा जवळजवळ राहिल्या नाहीत. गौरीची आई आज इथे बसली आहे. त्याच्या पुढच्या वर्षी बादल्या घेऊन तीच मदतीला यायची.

मग मीनलचं आजारपण आलं. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले की ती आधी वर्गाचंच विचारायची. "पोरं भांडतात का गं अजून, उत्तरावरून?" मी हो म्हटलं की हसायची.

काल तिच्या वर्गात गेले. एका मुलीने विचारलं, "बाईंना काय झालं होतं?" मी खाली बसले आणि खरं ते सांगितलं, त्यांना समजेल असं. मग दुसरीने विचारलं, "आता आम्हाला कोण शिकवणार?"

मी म्हटलं, मी शिकवेन. मीनलसारखं जमेल का, माहीत नाही. पण उद्यापासून तो वर्गही माझा.

मीनल, तुला मनापासून नमस्कार. चला, तिच्यासाठी सगळे उभे राहूया आणि थोडा वेळ काहीच न बोलता तिची आठवण काढूया.