दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडणाऱ्या चाब्या

आमचे आजोबा अमरावतीकडून जबलपूरले कामासाठी आले अन् इथलेच झाले, बाबा घरांची कुलपं दुरुस्त करत, मी गाड्यांची कुलपं अन् रिमोटच्या चाब्या करतो. घरात मराठी, बाहेर पाय ठेवला की हिंदी, असं आमचं. माही पोरगी सुषमा मात्र माह्याशी भांडायची ते मराठीतच.

काय सांगू तुम्हाला, दसरा झाला की दुसऱ्या दिवशी माहा फोन थांबत नाई. लोकं गाडीची पूजा करतात अन् हळदीकुंकवाचं पाणी रिमोटवरही शिंपडतात, मग बटन दाबून राहिले, दाबून राहिले, दार काही उघडत नाई. मी आधी विचारतो, रिमोटचा दिवा लागतो का भैया? नाई लागला तर सेल गेला नाईतर पाणी शिरलं. रिमोटच्या पोटातच एक लोखंडी चाबी असते, तिनं दार उघडतं, पण लोकांले ती आहे हेच माहीत नसतं.

तर सुषमा. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, पोरगा इथलाच, हिंदीवाला, चांगला आहे, पण मले सांगितलं ते कोर्टातून आल्यावर. मी म्हटलं, आता या दारात पाय ठेवू नको. निघून गेलं तोंडातून. ती खरंच आली नाई, माह्यासारखीच हट्टी. चार वर्षं. तिची आई फोनवर बोलायची तिच्याशी, अन् मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो.

मग एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिविल लाइंसमधून एका बाईंचा फोन आला, भैया, गाड़ी नहीं खुल रही. गेलो, तर फाटकात सुषमा उभी. फोन तिच्या सासूनं केलेला, माह्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर पाहून, मी कोण ते त्यांले काय माहीत. गाडीवर आपट्याची पानं ठेवलेली अन् रिमोट हळदीनं माखलेला, तिची आई करते तस्साच. मी खाली मान घालून रिमोट उघडला, स्पिरिटनं पुसला, उन्हात ठेवला. ती म्हणाली, बाबा, बीपीची गोळी घेता ना? मी म्हटलं, रिमोटवर पाणी नाई शिंपडायचं, गाडीलेच बोटभर कोरडं कुंकू लावायचं. ती म्हणाली, अच्छा. गाडीचं दार उघडलं. चहा घ्या म्हणाली, तर मी म्हटलं, दुसरीकडे जायचं आहे. कुठं जायचं होतं मले? कुठंच नाई.

त्याले तीन दसरे झाले. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून हलत नाई, जेवणही तिथंच मागवतो. दूरच्या पाटनहून फोन येतात, बरगीहून येतात, सिविल लाइंसमधून मात्र येत नाई. तिची आई सांगते, सुषमा आता कोरडंच कुंकू लावते, तुम्ही सांगितलं तसं. उभ्या जन्मात पोरीनं माहं हे एकच ऐकलं. काहून ऐकलं, सांगा. सुखी राहो, तिची गाडी कधी अडू नये, बापानं असंच म्हणायचं असतं. पण खरं सांगू? एकदा अडावी.