आडवी रेघ

— नाही हो शेवंतीबाई, तेहतीस आणि पस्तीस, मधे दोनच मार्क, हे मलाही कळतं, पण चुकीच्या उत्तराला मार्क द्यायचे कसे? खुर्चीवर बसा ना, खाली कशाला — शास्त्रात नापास झाली तर रतनचे वडील तिला शाळेतून काढणार, चेंबूरला पाकिटं भरायच्या कामाला लावणार, दोनदा सांगितलंत तुम्ही, मला काय वाईट वाटत नाही का? वाटतं. पण हा तिचा पेपर बघा. आलेखात बसची रेघ आधी वर चढते, मग दोन ते दहा मिनिटं आडवी. तेव्हा बसचं काय झालं? तर थांबली. आणि तुमची लेक लिहिते, बस चालूच आहे. वर्षभर घोकून घेतलंय मी — आडवी रेघ म्हणजे थांबलेली गाडी. बाकीच्या त्रेचाळीस मुलींना जमलं, हिलाच काय झालं?

हळू बोलते हं, आत सासूबाई पडल्यात — झोपलेल्या नाहीत, पडल्यात. कोण आलं, किती वेळ बसलं, सगळं संध्याकाळी यांच्या कानावर जातं. तर आडवी रेघ. मुलींना वाटतं रेघ म्हणजे रस्ता, आडवी असली की सपाट रस्ता, आरे कॉलनीतला चढ संपला की लागतो ना, तसा. तसं नसतं. घड्याळ पुढे जातं आणि गाडी तिथेच. मला विचारा ना. शहात्तर साली नाशिकच्या कॉलेजात निवड झाली होती माझी, पत्रसुद्धा आलं — हे म्हणाले, आईला जरा बरं वाटू दे, मग बघू. आता सत्त्याऐंशी चालू आहे, त्यांना अजून जरा बरं वाटायचंय. शाळा सुटली की वीस मिनिटांत घरी, भाजी घेतली तर पंचवीस, तीस झाली की कुठे होतीस. लोक म्हणतात, बाईंचं छान चाललंय. चाललंय कुठे? — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

प्रश्नपत्रिका आणलीत ना? द्या, दाखवतेच. हे माझंच अक्षर, छपाईचं स्टेन्सिल मीच कापलं, तेव्हाही यांच्या हाका चालू होत्या, चहा, मग चष्मा, मग परत चहा. ही खालची रेघ, इथे वेळ, मिनिटांत. आणि ही उभी — इथे काय लिहिलंय ते आधी वाचायचं, घसा कोरडा होईपर्यंत सांगते मी मुलींना, आधी उभ्या अक्षावरचं वाचा — इथे लिहिलंय —

वेग.

अंतर नाही लिहिलेलं. वेग लिहिलंय मी. शेवंतीबाई, वेगाची रेघ आडवी असली की बस थांबलेली नसते हो — चाललेली असते, एकाच वेगाने, मधे कुठेही न थांबता. चव्वेचाळीस पेपर तपासले मी, आणि प्रत्येक वेळी मला ती थांबलेलीच दिसली. पोरींनी घोकलेलं लिहिलं, मी घोकलेलं तपासलं. वाचलं फक्त तुमच्या रतनने.

— हो आई, आले, झालंच. शाळेतल्या आहेत. नाही, चहा नाही दिला.

लाल पेन कुठे गेलं — हं. पस्तीस. सही केलीय. मी दिले म्हणून सांगू नका घरी, मार्क तिचेच आहेत. बाकीच्यांचं मी सोमवारी बघते, वर्गात उभं राहून सांगावं लागेल, सांगेन. रडू नका हो. रतनला पाठवा शाळेत. मी? मी कुठे जाणार — निघा आता, वीस मिनिटं झाली तुम्हाला येऊन. दार ओढून घ्या.