टाळूवरचं तेल

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो. माया कशाला म्हणायचं? घट्ट धरून ठेवण्याला, की वेळ आली की सोडून देण्याला? हां, नुसत्या माना डोलावू नका, उत्तर द्या! नाही ना सुचत? मग मृदंगबुवा, जरा हात थांबवा. ऐका!

कृष्णाकाठच्या एका गावात यमुनाक्का राहायची. लग्नाला कैक वर्षं झाली, पण घरात पाळणा हलला नाही. बारशाला बोलावणं यायचं, पण आक्कानं हात पुढं केला की बायका पोर हळूच दुसरीकडं द्यायच्या! का हो मावशी, खाली का बघताय? तुमच्या गावचं नाही सांगत मी! आक्काची हौस एवढीच — तान्ह्याच्या टाळूवर कोमट तेल भरावं, ती मऊ जागा बोटाखाली धडधडताना बघावी. बस्स!

आणि देवाला दया आली! धाकटी जाऊ रेवती इचलकरंजीहून दहा महिन्यांच्या केशूला घेऊन महिनाभर राहायला आली. पहिल्याच सकाळी म्हणाली, "आक्का, टाळू आता तुम्हीच भरायची." अहो, आक्का चुलीपाशी जाऊन ढसाढसा रडली!

पण सुख असं सरळ चालतंय होय? केशूला जुलाब लागले.

रेवती घाबरली. "आक्का, दवाखान्यात नेऊया का?"

"अगं, दात येतायत! दाताचे जुलाब ते, थांबतील."

बिचारा दात! जुलाब होतात खराब पाण्यानं, न धुतलेल्या हातानं, अन् नाव दाताचं! पण आक्काच्या मनात वेगळंच होतं. डॉक्टरकडं गेलं की रेवती तशीच घरी जाईल. मग टाळू कुणाची भरू?

तिनं साखर-मिठाचं पाणी केलं. हे अगदी बरोबर! उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव घेऊन बघायची — आपल्या आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. पण शेजारणी आल्या ना शहाण्या! "वरून पाजशील तेवढं खालून जाईल! दूध बंद, पाणी बंद, जायफळ उगाळून दे." दूध-पाणी तोडलं, जायफळ दिलं. केशू निपचित झोपला. आक्का म्हणाली, "बघ, पडला आराम!"

आराम? गुंगी होती ती, मंडळी!

सकाळी आक्का तेलाची वाटी घेऊन बसली. रोज तेल ओघळून कानामागं यायचं. आज जागचं हलेना! टाळूच्या खळग्यात साचून राहिलं. गावात म्हणतात, टाळू पडली, आणखी तेल भरा. आक्काचा हात वाटीकडं गेला... अन् थांबला. केशू कण्हत होता. डोळे खोल गेलेले. रडतोय, पण आसू नाही! लंगोट रात्रीपासून कोरडा!

"रेवते, ऊठ! जीप सांग! हा खळगा तेलानं नाही भरायचा गं, लेकराच्या अंगात पाणीच उरलं नाही!"

"पण आक्का, तुम्हीच म्हणालात..."

"मला हा सोडवत नव्हता गं! म्हणून म्हणाले."

जीपमध्ये आक्का चमच्याचमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होती, मधेमधे रेवती अंगावर घेत होती. तालुक्याला सलाईन लागलं. संध्याकाळी केशूनं भोकाड पसरलं — आणि गालावर चक्क आसू! आक्कानं ते आसू पदरानं पुसले नाहीत, नुसती बघत राहिली.

आणि मंडळी, तिला वाटत होतं तेच झालं. केशूला बरं वाटल्यावर रेवतीचा नवरा दोघांना दवाखान्यातूनच इचलकरंजीला घेऊन गेला. आक्का एकटीच घरी आली. कोनाड्यात तेलाची वाटी तशीच होती. किती तरी दिवस तिला ती घासवली नाही.

वर्षानं केशू आला. दुडुदुडु चालत! आक्कानं वाटी घेतली, डोक्यावर हात ठेवला. मऊ जागाच नाही! टाळू भरून आलेली.

"भरली गं रेवते, भरली!" म्हणत आक्का हसली अन् रडलीही. ती हौस राहिली ती राहिलीच. पण पोर मांडीवर होतं!

आता तुमचं सांगा! घरात लेकरू आजारी पडलं की तुम्ही काय धरून बसता? दात? दृष्ट? शेजारीण? अहो, पाणी पाजा, पेज द्या, आईचं दूध तोडू नका. पण टाळू खोल गेली, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं, पोटात घोट ठरेना, पोर मलूल झालं — की उठा! टाळू सगळ्यांनाच भरायची असते हो. आधी ते डोकं राहायला हवं.

आता टाळ घ्या. ज्याला ज्या लेकराची आठवण आली असेल, त्यानं ते मनात धरून म्हणायचं — विठ्ठल, विठ्ठल!