भास्करने जुनीच पत्रिका उघडली

मंडळी, तुम्ही सगळे हातातली कामं टाकून शोकसभेला चौसाळ्याला आलात. मला माइकसमोर उभं केलंय, पण मी चौथी शिकलेला माणूस. काही चुकीचं बोललो तर? सकाळपासून हाच घोर. तरी बोलतो. न बोलता घरी गेलो तर घास गिळवणार नाही.

भास्कर गेला. स्टँडसमोर त्याचं टायपिंगचं दुकान. आपल्या भागातल्या किती लग्नांच्या पत्रिका त्याने छापल्या! माझ्या सुलूचीसुद्धा त्यानेच.

गेल्या वर्षी माझे जावई वारले. त्यांच्या पेन्शनसाठी सुलूला लग्नाचा दाखला हवा होता. कचेरीत म्हणाले, लग्नपत्रिका आणा. पत्रिका कुठली? वाळवीने खाल्लेली. भास्करकडे गेलो. त्याने जुन्या काँप्युटरमधून फाइल शोधली. पण ज्या प्रोग्राममध्ये ती केली होती, तो आता कुठे चालतच नाही.

मी म्हणालो, "मग नवी छाप की! नावं पाठ हायेत, तारीख पाठ हाय. गडावरच्या यात्रेच्या आदल्या दिवशी लगीन लागलं."

"नवी छापली तर ती खोटी, नाना. असल फाइल हाय आपल्याकडं. तीच उघडू."

मंडळी, मी त्याला काय नाही बोललो! दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. "लई शहाणा झालास बे. नुकसान माझ्या लेकीचं, तुझं काय जातंय?" तो मान खाली घालून काम करत राहिला.

मग म्हणाला, फाइल ऑनलाइन पाठवतो, ती आज चालेल अशी बदलून परत येते. मी लगेच विचारलं,

"अन् न्हाई आली तर?"

"कॉपी जाती, नाना. असल हितंच ऱ्हाती. च्या घ्या."

पहिल्या ठिकाणाहून नुसते चौकोन परत आले. दुसऱ्या ठिकाणी फाइल उघडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुन्या फॉन्टमुळे असं होतं म्हणे. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ही बघा तुमची सुलू." मला हसू येईना, रडू येईना. तिसऱ्या ठिकाणी त्या चिवड्याची आजची अक्षरं झाली, पण वेलांट्या उडालेल्या. तीन दिवस तो एकेक अक्षर ताडून बसवत होता. आपल्या मनाचं एकही घातलं नाही. माझ्या मनाचंही नाही.

चौथ्या दिवशी पत्रिका पुरी झाली. वर गणपती, खाली सुलूचं नाव, आणि तारीख. ती माझी तारीख नव्हती. यात्रेनंतर आठ दिवसांची होती! मी पुन्हा भांडलो, मशीनने चुकवली म्हणालो. सुलूने घरून लग्नाचा फोटो आणला. मागे फोटोवाल्याने घातलेली तारीख. पत्रिकेतलीच.

माझ्या सांगण्यावरून नवी छापली असती, तर? पत्रिका एक बोलली असती, फोटो दुसरं. माझी विधवा लेक कचेरीत खोटी ठरली असती. तिला दाखला मिळाला, तो भास्करच्या हट्टामुळे.

आणि तो मला काय म्हणाला? "यात्रा दरसाल येती, नाना. गोंधळ व्हतो माणसाचा." बस, एवढंच.

मी मात्र त्याची माफी मागितली नाही. पुढच्या बाजारी बोलू, पुढच्या बाजारी बोलू. असे किती बाजार गेले.

काल एकाने मला बजावलं, नाना, चांगलं तेवढंच बोला, भांडणाचं काढू नका. पण मंडळी, भास्करच्या सभेत मी नवी छापून कशी आणू? जे झालं ते तसंच सांगितलं. त्याला चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच सांगतो. भास्करा, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.

आशा, पोरी, तुझ्या नवऱ्याचा तो जुना काँप्युटर भंगारात देऊ नकोस. त्यात आमच्या लेकींची लग्नं आहेत.

आता उभे राहा, मंडळी. ज्यांचे गुडघे धरलेत त्यांनी बसून चालेल. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मीही बोलत नाही.