शिंदेकाकांचा कॉम्प्युटर

प्रिंटरचं नाव काढू नका, राव. आमचं लेबल छापायचं ॲप विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं. पण भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये एकाही कॉम्प्युटरवरून नेटवर्कचा प्रिंटर दिसेना. चाकणला जायचा टेम्पो दारात उभा, आणि लेबलाशिवाय तिथली कंपनी माल आत घेत नाही. मी ड्रायव्हर बदलले, राउटर बंद-चालू केला, ॲप पुन्हा टाकलं. शेवटी प्रिंटरची वायर धरून मागे गेलो, तर ती कोपऱ्यातल्या एका बंद कॉम्प्युटरला जोडलेली. सगळ्यांना प्रिंटर मिळायचा तो त्याच्यामार्फत. त्याच्या कीबोर्डवर हार घातलेला फोटो.

"हे कोण?"

"शिंदेकाका. स्टोअर बघायचे," पॅकिंगच्या सुनीताताई म्हणाल्या. "परवा गेले. काल वर्कशॉप बंदच होतं."

"ताई, हा कॉम्प्युटर चालू करावा लागेल."

त्यांनी दोन्ही हातांनी फोटो उचलून बाजूला ठेवला. मी बटण दाबलं आणि थोड्या वेळात प्रिंटर दिसायला लागला.

मालक वैतागले होते. "मग इतक्या वर्षांत हा प्रॉब्लेम एकदाही कसा आला नाही?"

ताई फोटोवरचा हार नीट करत होत्या. "साहेब, इतक्या वर्षांत काकांनी सुट्टी कधी घेतली?"